एकटीची हरकत

छापखान्यातले लोक तिला वेलांटीबाई म्हणायचे. एकतीस वर्षं तिने तिथे प्रुफं तपासली. गाड्यांची वेळापत्रकं, शाळेची पुस्तकं, औषधाच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद, आणि ज्यांनी छापायला दिले तेही वाचत नसत असे वार्षिक अहवाल. ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून हे नाव. बाईंचं लग्न का झालं नाही, तर मुलाकडच्यांनी पत्रात ‘आशिर्वाद’ लिहिला असणार, अशी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांची थट्टा होती. तीही त्या थट्टेला हसायची. खरं कारण कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

बोलण्याचं खातं थोरल्या बहिणीकडे, ताईकडे होतं. ताईने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, म्हणजे दिवसभर बोलून यायची आणि घरी येऊन उरलेलं बोलायची. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा दोघी बहिणी एकत्र राहू लागल्या त्याला सव्वीस वर्षं झाली. दोन खोल्या, तिसरा मजला, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. घराबाहेरचं जग ताईने बघायचं आणि घरातलं हिने, अशी न ठरवता झालेली वाटणी होती. नळ दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घालायची ताईने, डॉक्टरला उलट प्रश्न विचारायचे ताईने, कुणाची सून माहेरी गेली आणि का गेली ही बातमी जिन्यातून वर आणायची तीही ताईने. वेलांटीबाईने ऐकायचं आणि मध्येच एखादा शब्द दुरुस्त करायचा.

ताई आठ महिन्यांपूर्वी गेली. शनिवारी दुपारी खिडकीशी बसून केस विंचरत होती, फणी हातातून पडली, आणि ती उचलायला ताई वाकलीच नाही. माणसं आली, आठवडाभर येत राहिली, मग ज्याची त्याची कामं निघाली. त्यानंतर घरात जी शांतता आली ती वेलांटीबाईला आधी सवयीची वाटली. तिला शांतता आवडायचीच. पण आवडणारी शांतता वेगळी आणि अंगावर येणारी वेगळी, हे तिला एका गुरुवारी कळलं. कुणाचा तरी चुकून फोन लागला. ती ‘हॅलो’ म्हणायला गेली तर आवाजच फुटेना. तिने मनाशी हिशेब केला. सोमवारपासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. चुकीचा नंबर आहे, एवढं तिने कसंबसं सांगितलं, आणि पलीकडच्याने फोन ठेवल्यावरही बराच वेळ रिसीव्हर कानाशी धरून बसून राहिली.

पालिकेचं विभाग कार्यालय तिच्या वाणसामानाच्या वाटेवर होतं. बाहेरच्या फळ्यावर सूचना डकवलेल्या असत. छापलेला कागद दिसला की वाचायचा, ही खोड नोकरीबरोबर सुटली नव्हती. त्या दिवशी एका सूचनेत ‘मतदारांच्या सोयिसाठी’ असं छापलेलं दिसलं आणि तिचे पाय आपोआप थांबले. ‘यि’ ऱ्हस्व. तिने मनातल्या पेन्सिलीने ती दीर्घ केली, आणि थांबलोच आहोत तर म्हणून पुढचं वाचलं.

मुलींच्या शाळेतलं मतदान केंद्र बंद करून ते हमरस्त्यापलीकडच्या नव्या क्रीडागृहात हलवण्यात येत होतं. कुणाची हरकत असल्यास एकवीस दिवसांत लेखी कळवावी.

क्रीडागृह तिने लांबून पाहिलं होतं. तिकडे सरळ जाणारी बस नव्हती. हमरस्ता ओलांडायला लोखंडी पूल होता, आणि त्याच्या एका बाजूला बासष्ट पायऱ्या होत्या. शाळा मात्र गल्लीच्या तोंडाशी होती. तळमजल्यावरची तिसरीची खोली, तिथल्या बुटक्या बाकांवर बसून अधिकारी नावं शोधायचे. ताई आणि ती दर वेळी सकाळी सातलाच जायच्या. आणि त्याच खोलीत, त्या दोघी जन्मायच्याही आधी, त्यांच्या आईने पहिलं मत दिलं होतं.

ती पिशवी घेऊन तशीच कार्यालयात गेली. कारकून पस्तिशीचा होता, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होता. तिने कपाळाकडे बोट केलं. तो ओशाळून हसला आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मग त्याने समजावून सांगितलं.

“मावशी, एकट्या माणसाची हरकत ही हरकत धरत नाहीत. ती तक्रार होते. हरकत म्हणायला विभागातल्या पन्नास मतदारांच्या सह्या लागतात.”

“आणि तक्रारीचं काय होतं?”

“नोंद होते,” तो म्हणाला, आणि त्यापुढे काही होतं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. त्याने पन्नास ओळींचा एक छापील अर्ज तिच्या हातात दिला. खबरदारी म्हणून मागच्या बाजूलाही आणखी दहा ओळी होत्या.

तो अर्ज पाच दिवस टेबलावरच्या कापडाखाली पडून राहिला. पन्नास सह्या म्हणजे पन्नास दारं. ज्या बाईने सव्वीस वर्षांत समोरच्या दाराची घंटा वाजवली नव्हती, तिने पन्नास दारं वाजवायची. त्यापेक्षा बासष्ट पायऱ्या बऱ्या, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. गुडघे अजून शाबूत आहेत, आपल्यापुरतं आपण चढू. पण ‘आपल्यापुरतं’ हा शब्द तिला खटकला, आणि एकदा खटकलेला शब्द तिला दुरुस्त केल्याशिवाय सोडता यायचा नाही.

त्याला कारण आई होती. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. त्या काळी बायकांना मत नव्हतं. सरकारला वाटायचं, घरात एक मत आहे तेवढं पुरे. शिक्षिका, सुताच्या गिरणीतल्या बायका, लॉन्ड्रीतल्या बायका अशा सगळ्यांनी मिळून अर्ज काढला होता, आणि तो अर्ज घेऊन आई चार वर्षं दारोदार हिंडली. दुपारी हिंडायची, कारण त्या वेळी पुरुष कामावर असत आणि बायका खरं बोलत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे घ्यायची. रात्री घरी आली की तिची स्वतःची बोटं शाईने काळी झालेली असत, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडू नये म्हणून ती लिंबाने घासत बसायची. कुणी अंगावर पाणी ओतलं, कुणी विचारलं की घरी स्वयंपाक कोण करतं. तिच्या सख्ख्या सासूने अंगठा दिला नाही तो नाहीच. मुलींना हे सगळं आई हसत हसत सांगायची. एकदा ताईने विचारलं होतं, तुला भीती नाही वाटायची? आई म्हणाली होती, “दार उघडेपर्यंत दाराची भीती वाटते. उघडलं की समोर माणूस असतो. माणूस दाराइतका मोठा नसतो.”

कायदा झाला, मतदान आलं, त्या दिवशी गावभरच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली आणि शाळेत जाऊन रांगेत उभी राहिली. एवढीच ती गोष्ट. घराबाहेर आई ती कुणाला फार सांगत नसे. जे हक्काचं होतं ते मिळालं, त्यात मिरवायचं काय, असं तिचं म्हणणं.

सहाव्या दिवशी वेलांटीबाईने एक भाषण लिहिलं. अकरा ओळींचं. तीनदा तपासलं, दोन शब्द बदलले, आरशासमोर म्हणून पाहिलं, आणि दुपारी समोरचं दार वाजवलं.

समोर एक बस कंडक्टर बाई राहायची. चाळिशीची, धिप्पाड, पहाटे बूट वाजवत जायची आणि दुपारी बूट वाजवतच परतायची. तिने दार चार बोटं उघडलं. वेलांटीबाईने सुरुवात केली, “नमस्कार, आपल्या विभागातील मतदारांच्या सोयीच्या दृष्टीने...” एवढ्यात “नको, काही घ्यायचं नाही,” असं म्हणून दार बंद झालं. त्यात कंडक्टरबाईची चूक नव्हती. हातात कागद, तोंडात पाठ केलेली वाक्यं. काहीतरी विकायला आलेलीच वाटली असणार. पण वेलांटीबाई मागे वळली आणि तीन पावलांवरच्या आपल्या घरात जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. त्या दिवशी ती पुन्हा बाहेर पडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने भाषण घरीच ठेवलं.

तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याने पहिली सही दिली. काज करत होता, सुई ओठांत धरून त्याने सगळं ऐकलं, मग सुई काढून म्हणाला, बायकांना मत मिळालं तेव्हापासून आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नाही, पण ते केंद्र जवळच असलेलं बरं, तेवढंच एक ठिकाण राहिलंय. आणि झोकदार सही केली. ती इतकी झोकदार होती, की खालची ओळही तिनेच व्यापली.

मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की सही मागायला अर्धं मिनिट लागतं, पण सही मिळायला अर्धा तास बसावं लागतं. दुपारी घरी असणाऱ्या बहुतेकांना कुणीतरी यायला हवंच होतं. कशासाठी आलं, हा नंतरचा प्रश्न. एकीने मुलाने परदेशातून पाठवलेले फोटो दाखवले, सगळे, क्रमाने. एकीने गुडघ्याची क्ष-किरण चित्रं खिडकीशी धरून दाखवली. एका बाईने तिच्याशी अजिबात न बोलता भाजी निवडायला घेतली आणि अर्धी जुडी तिच्याकडे सरकवली. दोघींनी मुकाट्याने ती संपवली, मग त्या बाईने सही केली. काहींनी दार उघडलंच नाही. काही म्हणाल्या, आमच्याकडे हे सगळं यजमान बघतात. एकीने तर स्वच्छ सांगितलं, की मी कधी मत द्यायला गेलेच नाही आणि माझ्यावाचून कुणाचं अडलंही नाही. वेलांटीबाईला त्यावरचं उत्तर रस्त्यात आल्यावर सुचलं, पण पुन्हा वर जाण्याइतकं ते चांगलं वाटलं नाही.

पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई होत्या. पाठीच्या दुखण्याने त्या तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. भाची कामावर जाताना दार नुसतं लोटून जायची, म्हणून वेलांटीबाईला आतून “या, उघडंच आहे” असं ऐकू आलं. नर्सबाईंनी अर्ज पुरता वाचला, मागची बाजूही वाचली.

“शाळेत असो नाहीतर पुलापलीकडे, मला दोन्ही सारखंच दूर आहे,” त्या म्हणाल्या. “सही करते. पण मग बसा.”

ती बसली. नर्सबाईंनी किती बाळंतपणं केली ते सांगितलं, आणि रात्रपाळी संपवून, डोळ्यांवर झोप घेऊन सरळ मतदानाला कशा जायच्या तेही. एका वर्षी रांगेत उभ्या उभ्याच डोळा लागला होता आणि मागच्या बाईने खांद्याला धरून तीन पावलं पुढे ढकललं होतं. निघताना वेलांटीबाईने पुन्हा येईन म्हटलं. लोक म्हणतात तसंच म्हटलं, पण दोन दिवसांनी ती खरंच गेली.

एका चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या सुनेची गोष्ट वेगळी. सही करायच्या आधी तिने नवऱ्याला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण सुनेने फोन ठेवून नकारार्थी मान हलवली आणि दार लावलं. वेलांटीबाई एक जिना उतरली असेल नसेल, तोच वरून चपलांचा आवाज आला. सून धावत खाली आली, कागद घेतला, जिन्याच्या भिंतीवर टेकवला आणि सही केली. भिंत खडबडीत असल्याने अक्षर वेडंवाकडं आलं. तिने ते एकदा पाहिलं, आणि तशीच धावत वर गेली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्याच दाराची घंटा वाजली. दारात कंडक्टरबाई उभी होती, अंगावर अजून गणवेश.

“काकू, खालच्या शिंपीकाकांनी सांगितलं, तुम्ही कशासाठी आला होतात ते. मला वाटलं, काही विकायला आलात.” ती अर्ज घेऊन उभ्या उभ्याच सही करू लागली, मग मध्येच थांबली. “ताईंचं कळलं होतं मला. त्या दिवशी ड्यूटीवर होते. दुसऱ्या दिवशी यायचं ठरवलं, मग राहिलं. मग इतके दिवस झाले की यायची लाज वाटायला लागली. तुमच्या दारावरून जाताना मी बूटसुद्धा हळू टाकते.”

वेलांटीबाईला ते बूट कधीच हळू ऐकू आले नव्हते, पण ती तसं म्हणाली नाही. बसा म्हणावं असं तिला वाटलं. तो शब्द जिभेवर येईपर्यंत कंडक्टरबाई अच्छा म्हणून आपल्या दाराशी पोचली होती.

एकविसाव्या दिवशी दुपारी चारला ती कार्यालयात पोचली. कागदावर बावन्न सह्या होत्या. कार्यालय पाचला बंद व्हायचं. कारकुनाने चष्मा लावला, मतदारयादीचं बाड काढलं आणि एकेक नाव ताडून बघायला घेतलं. तिला ते काम ओळखीचं होतं: एक बोट इकडे, एक बोट तिकडे. त्याने काम नीट केलं, घाई केली नाही, हे पाहून तिला बरंही वाटलं आणि धास्तीही.

एक भाडेकरू निघाला, त्याचं नाव यादीतच नव्हतं. एक मुलगी साडेसतरा वर्षांची निघाली; वय विचारायचं वेलांटीबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिसरी ती चौथ्या मजल्यावरची सून. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण यादीत ती अजून माहेरच्याच विभागात होती. तिचं नाव इकडे आणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. कारकुनाने तिच्या वेड्यावाकड्या सहीवर हलकेच रेघ मारली.

“एकोणपन्नास,” तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होत होते. वेलांटीबाईने पिशवी उचलली. कारकुनालाच राहवेना. तो पुन्हा यादी चाळू लागला, बोट तिच्या इमारतीवर आणलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“अहो मावशी, तुमच्या घरात दोन नावं आहेत की. तुमच्याच वरती. यांची सही कशी नाही घेतलीत? घर जवळच आहे ना, अर्ध्या तासात घेऊन याल. मी थांबतो.”

तिने यादीकडे पाहिलं. ताईचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक. सगळं बरोबर, एकही चूक नाही. ताईची सही तिला डोळे मिटून करता आली असती. ताईच्या उजव्या हाताला सांधेदुखी झाल्यापासून, पार्सल आलं की ताईच्या नावावर हीच सही करायची.

“ती नाही,” ती म्हणाली.

“गावाला गेल्यात?”

आठ महिन्यांत हे वाक्य तिला कुणापुढे म्हणावं लागलं नव्हतं. आले त्यांना ते आधीच माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्याशी तिचं बोलणंच नव्हतं.

“गेली ती,” वेलांटीबाई म्हणाली. “वारली. आठ महिने झाले.”

कारकुनाचं बोट यादीवरच राहिलं. त्याने मागच्या टेबलाकडे एक नजर टाकली. तिथे कुणी नव्हतं. मग तो अगदी खालच्या आवाजात बोलला, आणि त्यात लबाडी नव्हती, कणव होती.

“यादीत अजून आहेत त्या. मला काही माहीत नाही. तुम्ही घरी जा, आणि सही आणा.”

खरं सांगायचं तर तिने विचार केला. ताईला तो डाव फार आवडला असता. ताईने कपाळावर हात मारून सांगितलं असतं, अगं वेडे, मेल्यावर तरी मला काही उपयोगाची होऊ दे. त्या एका सहीने तक्रारीची हरकत झाली असती, आणि विभागातल्या सगळ्यांच्या पुलाच्या पायऱ्या कदाचित वाचल्या असत्या. पण आईची काळी बोटं तिने स्वतः पाहिली नसली तरी शंभरदा ऐकली होती. त्या कागदावरचा एकेक अंगठा कुणीतरी स्वतः उमटवलेला होता, आणि ज्या सासूला द्यायचा नव्हता तिचा आईनेही घेतला नव्हता.

“चुकीचं आहे हे माहीत असताना मी कधी कागद पुढे जाऊ दिला नाही,” ती म्हणाली. “आता या वयात कुठे सुरुवात करू? नाव कमी करायचा अर्ज असतो ना, तो द्या मला.”

त्याने तो शोधून दिला. तिने तिथेच काउंटरवर भरला. मृत व्यक्तीचं नाव. मृत्यूची तारीख. अर्जदाराशी नातं. त्या रकान्यात तिने ‘बहीण’ लिहिलं आणि बराच वेळ पेन उचललं नाही, त्यामुळे शेवटच्या अक्षरापाशी शाईचा ठिपका पसरला. वेलांटी मात्र दीर्घच होती. पाच वाजले तेव्हा कारकुनाने एकोणपन्नास सह्यांचा कागद तक्रारींच्या फायलीत लावला, आणि नोंदीचा क्रमांक तिला लिहून दिला.

घरी येऊन ती रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आणि सह्यांसाठी नाही.

दोन आठवड्यांनी पालिकेचं पत्र आलं. केंद्र ठरल्याप्रमाणे क्रीडागृहातच राहील; मात्र प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने, वृद्ध मतदारांसाठी मतदानाच्या दिवशी सकाळी दहा आणि दुपारी दोन वाजता शाळेच्या फाटकापासून एक वाहन सोडण्यात येईल. पत्रात दोन चुका होत्या. सही मिळालेल्या प्रत्येक घरी ती पुन्हा जाऊन पत्र दाखवून आली, आणि सुनेकडेही गेली. या वेळी तिच्याबरोबर माहेरच्या यादीतलं नाव इकडे आणण्याचा अर्ज होता. या निवडणुकीची मुदत उलटून गेली होती, हे तिने आधीच सांगितलं. सून म्हणाली, नऊ वर्षं गेली, अजून एक गेलं तर काय मोठं. आणि या वेळी फोन न करता तिने अर्ज भरला.

मतदानाच्या दिवशी दहा वाजता शाळेच्या फाटकाशी बारा जणांची गाडी उभी होती. सात बायका आल्या. त्यात गुडघ्याची चित्रं दाखवणारी होती, मुकाट्याने भाजी निवडणारी होती. ज्यांनी नक्की येते म्हटलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणी आल्या नाहीत. दोघी तर गॅलरीतून हात हलवून आत गेल्या. चालकाने दहा मिनिटं जास्त वाट पाहिली, मग गाडी निघाली. वाटेत भाजी निवडणारी कधी नव्हे ती बोलली. म्हणाली, आज ऊन फार आहे.

क्रीडागृह अवाढव्य होतं. जमिनीवर खेळाच्या रंगीत रेघा, वर टांगलेली जाळी, आणि मधोमध चार टेबलं, एवढीशी. माणसं बोलत होती ते छपराला लागून परत येत होतं. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने यादीत नाव शोधलं. वेलांटीबाईच्या नावाच्या वरची ताईची ओळ रेघ मारून कमी केलेली होती, पण रेघेखालून वाचता येत होती. मुलीचं बोट त्या ओळीवरून सरळ खाली आलं. तिला थांबायचं कारणच नव्हतं.

कागद घेऊन वेलांटीबाई आडोशाच्या मागे गेली. तिन्ही बाजूंनी पुठ्ठा, एक फळी, दोरीला बांधलेलं पेन. दर वेळी शेजारच्या आडोशातून ताई खाकरायची, झालं का म्हणून. या वेळी कुणी खाकरलं नाही. इथे माणसाने एकटंच असायचं असतं, तिच्या मनात आलं. नवरा नाही, सासू नाही, बहीण नाही, कायद्यानेच कुणाला आत येता येत नाही. आईने चार वर्षं दारं ठोठावली ती बायकांना एवढा एक हातभर एकटेपणा मिळावा म्हणून. घरातला एकटेपणा कुणी मागितला नव्हता. हा मागून घेतलेला होता. त्याने घरातला काही कमी झाला नाही. पण दोन्ही एकच नव्हेत, एवढं तिला पेन हातात धरून उभी असताना स्पष्ट दिसलं. तिने खूण केली, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकला.

परतताना गाडीने तिला शाळेशी सोडलं. ती घरी न जाता नर्सबाईंकडे गेली. दार लोटलेलंच होतं. नर्सबाईंनी उशीवर मान वळवली आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. गाडी कोणत्या रंगाची, किती जणी, कोण कोण, पूल कुठून लागतो, पेटी पूर्वीसारखीच आहे का.

“सात जणी,” वेलांटीबाई म्हणाली.

“सात,” नर्सबाईंनी मनाशी धरलं. “मग पुढे?”

वेलांटीबाईने पुढे सांगायला घेतलं. इतकं सलग ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. घसा कोरडा पडला तेव्हा तिने तिथलंच पाणी ओतून घेतलं आणि पुन्हा बसली. जमिनीवरच्या रेघांपाशी येईपर्यंत नर्सबाईंना झोप लागली होती. वेलांटीबाईने उरलेलं आवाज खाली आणून शेवटपर्यंत सांगितलं. मग भाची कामावरून येईपर्यंत ती खुर्चीतच बसून राहिली. खिडकीबाहेर शाळेचं फाटक दिसत होतं. दोन वाजताची गाडी येऊन उभी राहिली, थोडा वेळ थांबली, आणि एकच बाई घेऊन निघून गेली. ती कोण, हे एवढ्या लांबून ओळखू आलं नाही.